तोंडात खिळे असताना

घरात मला भोंगा म्हणतात. तोंडावरच म्हणतात, पाठीमागे म्हणायची कुणाला गरज वाटत नाही. मी बोलायला लागले की समोरच्या फुटपाथवरची माणसं मान वळवून बघतात, आणि घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक मुकाट्यानं आगाऊ रक्कम काढून ठेवतं. माझं म्हणणं एवढंच की ज्या दुकानात दिवसभर हातोड्या चालतात तिथे हळू बोलून भागत नाही. दादाचं म्हणणं, हातात हातोडी यायच्या आधीही ही अशीच होती, पाळण्यात.

आमचं दुकान सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं. खाली दुकान, वर घर, मधे करकरणारा लाकडी जिना. दादा सांगाडे आणि स्प्रिंगा बघतो, वहिनी मशीनवर खोळी शिवते, आणि कापड ताणून ठोकायचं काम माझं. हल्ली सगळे पिना मारायची बंदूक वापरतात. मी वापरत नाही. वडिलांनी शिकवलं तसं चिमूटभर बारीक खिळे तोंडात घ्यायचे, जिभेनं एकेक ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकानं उचलायचा आणि ठोकायचा. एक हात कापडावर, एक हातोडीवर, खिळे धरायला तिसरा हात म्हणजे तोंड. दातांचे डॉक्टर म्हणतात ही सवय सोडा. वहिनी म्हणते मुळीच सोडू नका, घराला तेवढीच शांतता मिळते.

त्या शांततेत मुंगी वाढली.

मुंगी म्हणजे माझी भाची, दादा-वहिनीची एकुलती एक लेक. अंगानं एवढीशी आणि सतत काहीतरी ओढून आणणारी, म्हणून मुंगी. शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकायची आणि माझ्या टेबलाखाली फोमच्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यावर बसायची. तिथून तिची बडबड सुरू व्हायची. "आत्या, समजा एक गाडी इकडून निघाली." माझ्या तोंडात खिळे, मी म्हणायचे, "म्हं?" "आणि दुसरी तिकडून निघाली, पण हळू." "म्हं?" त्या म्हंचा अर्थ पुढे काय असाही होता आणि मला काडीचं कळलेलं नाही असाही होता. तिला दोन्ही चालायचं. बोलता बोलता ती मधेच थांबायची, "नाही नाही, चुकलं," म्हणायची, मागे जायची, परत यायची, आणि शेवटी टेबलाखालून डोकं बाहेर काढून सांगायची की झालं. काय झालं ते मला कधीच कळलं नाही. गणितात माझी मजल कापडाच्या मापापलीकडे गेलेली नाही. पण दिवसभरात मी गप्प असायचे तो तेवढाच वेळ, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडायचा.

प्राथमिक शाळा संपली तेव्हा तिला मोठ्या सरकारी शाळेत घातलं. तिथे पहिल्याच महिन्यात सगळ्या मुलांची परीक्षा घेतली आणि त्यातून थोडी मुलं वेगळी काढली. या मुलांचा विशेष वर्ग. शाळा तीच, घंटा तीच, जेवायची सुट्टी तीच, पण वर्ग वरच्या मजल्यावर आणि अभ्यास निराळा. इतर मुलं वर्षभर जे शिकतात ते ही मुलं भराभर संपवणार आणि उरलेला वेळ त्याहून अवघड कोड्यांशी झटापट करणार. निवडलेल्या मुलांची नावं फळ्यावर लागली, त्यात मुंगी होती. दादा बातमी ऐकून अंघोळीला गेला. अंघोळ सकाळीच झाली होती त्याची. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. साबण गेला म्हणाला.

मग पालकांची सभा झाली. विशेष वर्गाच्या बाई तरुण होत्या, नीटस बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की घाई करू नका, तुलना करू नका, आणि जमलं तर घरी मुलाला एक शांत कोपरा द्या. सभेला आलेल्या इतर आईबापांनी ते ऐकलं, घरी जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला असेल आणि विषय संपला असेल. आमच्या दादानं मात्र ते मनावर घेतलं. ज्या माणसाला आयुष्यभर एकच कला येते, तो सगळ्या गोष्टींवर तीच चालवतो.

वर जिन्याशेजारी अडगळीची खोली होती. दादानं ती रिकामी केली आणि तिला गादी लावली. म्हणजे अक्षरशः गादी. चारी भिंतींना जाड फोम, त्यावर हिरवं मखमली कापड, आणि हातभर अंतरावर बटणं ताणून बसवलेली, जुन्या श्रीमंती सोफ्यांना असतात तशी. छताला फोम. दाराला आतून फोम, बाहेरून फोम. ते कापड एका हॉटेलच्या मालकासाठी मागवलं होतं. त्याला दादानं सांगितलं की माल आला नाही. वहिनीनं बटणांना एकेक करून कापड चढवलं. मीही ठोकाठोक केली, खोटं कशाला बोलू. खिळे ठोकता ठोकता एकदाच मी म्हटलं की वेड लागलेल्या माणसाला अशा खोलीत ठेवतात. दादा जेवणाच्या ताटावरही माझ्याशी बोलला नाही.

खोली तयार झाली त्या दिवशी त्यानं आम्हा तिघींना बाहेर उभं केलं, स्वतः आत गेला, दार लावलं आणि आत ओरडला असावा. आम्हाला काही ऐकू आलं नाही. तो बाहेर आला, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या. "ऐकू आलं?" त्यानं विचारलं. "काय?" वहिनी म्हणाली. इतका खूश झालेला दादा मी लग्नातही पाहिला नव्हता.

मुंगीनं भिंतीवरून हात फिरवला. बटणं मोजल्यासारखी बोट लावत गेली. मग म्हणाली, "बाबा, किती मऊ आहे." आणि दादाच्या कमरेला मिठी मारली. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या मिठीत होतं, पण तेव्हा ते कुणाला दिसणार.

त्या दिवसापासून मुंगी शाळेतून आली की थेट वर जायची. दप्तर जिन्यात पडायचं बंद झालं. टेबलाखाली फोमचे तुकडे तसेच पडून राहायचे. दुकानात सगळे चोरपावलांनी वावरायला लागले, खरं तर त्या दारामागे तोफ डागली असती तरी ऐकू गेली नसती. मी खिळे तोंडात घ्यायचे, आणि खाली कुणी नसायचं. कधीकधी सवयीनं "म्हं?" निघून जायचं. एकदा ते समोरच्या गिऱ्हाइकानं ऐकलं आणि त्याला वाटलं मी त्याला काहीतरी विचारतेय. बिचारा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

माझं काम बिघडलं. पट्ट्यापट्ट्यांचं कापड मी तिरकं ठोकलं, आणि ते दादाला दिसायच्या आत उसवून पुन्हा ठोकलं. मी स्वतःला समजावत होते की मुलगी पुढे गेली, हे असंच व्हायला हवं होतं. शिडी काही माणसाबरोबर गच्चीवर जात नाही. पण समजावणं वेगळं आणि समजणं वेगळं. मला राग येत होता असं घरातल्यांना वाटायचं, कारण मी सगळ्यांवर खेकसत होते. राग नव्हता तो. मला तिची आठवण येत होती, आणि ती तर जिना चढून वर बसलेली होती.

एका दुपारी मला पट्टीचं भेंडोळं हवं होतं. ते त्या खोलीच्या कोपऱ्यात राहिलं होतं. मी दार उघडलं तर मुंगी बोलत होती. समोर दादाचा तीन पायांचा स्टूल ठेवलेला, आणि ती त्या स्टुलाला काहीतरी समजावून सांगत होती. मला बघून गप्प झाली, कानापर्यंत लाल झाली.

"कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही." मग स्टुलाकडे बघून म्हणाली, "हा काही विचारतच नाही."

मला वाटलं पोरीला अभ्यासाचा ताण आला. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. खाली येऊन वहिनीला म्हटलं, तिला दूध जास्त देत जा. माझं डोकं म्हणजे फोमचा उरलेला तुकडाच.

थोड्याच दिवसांनी बाईंनी दादा-वहिनीला शाळेत बोलावलं. दोघं परत आले ते एका बाकावर बसलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे. बाईंचं म्हणणं असं की मुंगीची सुरुवात चांगली असते, पण प्रत्येक कोड्यात ती अर्ध्यावर थांबते. पेन्सिल धरून बसते. वर्गात सगळे गप्प बसून सोडवतात, तीही गप्प बसते, पण कागद कोरा राहतो. सत्र संपताना प्रत्येक मुलाला फळ्यापाशी बोलावून एक नवं कोडं देतात. तेव्हाही असंच झालं तर पुढच्या सत्रापासून तिला खालच्या मजल्यावरच्या नेहमीच्या वर्गात बसवावं लागेल. "त्यात कमीपणा काही नाही," असं बाई दोनदा म्हणाल्या, वहिनीनं सांगितलं.

"तिला जायचंय का खाली?" मी विचारलं.

"मी विचारलं तिला, जेवायच्या सुट्टीत गाठून," वहिनी म्हणाली. "म्हणाली, मला तिथली कोडी फार आवडतात, मला तिथेच राहायचंय. आणि मग रडली. मी म्हटलं, घरी काही त्रास होतो का, आवाज येतो का? म्हणाली, नाही आई, आवाज अजिबात येत नाही."

दादानं हे ऐकलं, उठला, आणि दाराला फोमचा आणखी एक थर लावला. दार इतकं जाड झालं की लागेना. मग चौकट तासली.

मी त्याला म्हटलं, "दादा, पोरीला विचार तरी, खोली हवी आहे का."

"विचारलं मी. म्हणाली, खोली छान आहे." आणि रंधा बाजूला ठेवून अगदी हळू म्हणाला, "मला तिच्यासाठी दुसरं काय करता येतं, सांग. तिचं गणित मला कळत नाही. मला हेच येतं."

मी रंधा उचलून त्याच्या हातात परत दिला.

फळ्याचा दिवस उजाडला. शाळेनं सांगितलं होतं की सोबत घरातलं कुणीतरी एक मोठं माणूस असू दे, बाहेर बसायला. दादा म्हणाला माझ्यानं बघवणार नाही. वहिनीला दवाखान्याच्या खुर्च्यांच्या खोळी त्याच सकाळी पोचवायच्या होत्या. शाळेच्याच रस्त्यावर एक नाट्यगृह आहे, तिथल्या खुर्च्या ठोकायला मी जाणारच होते. म्हणून मी निघाले, कामाचा एप्रन घालूनच, हातोडी पिशवीत, खिळ्यांची डबी खिशात. रस्ताभर मुंगी माझं बोट धरून चालली. तिनं बोट धरायचं सोडून बरेच दिवस झाले होते.

"घाबरलीस?"

"हो."

"मीही," मी म्हटलं. ते समोरून येणाऱ्या पोस्टमनलाही ऐकू गेलं.

वरच्या मजल्यावर लांब व्हरांडा होता, भिंतीला टेकून बाकं, बाकांवर आईबाप. मुलं एकेक करून आत जात होती आणि बाहेर येत होती, कुणी उड्या मारत, कुणी पाय ओढत. मुंगीची पाळी आली. दार अर्धवट उघडं होतं. आत बाई होत्या आणि मुख्याध्यापक होते, पोटावर हात ठेवून बसलेले. बाईंनी कोडं वाचून दाखवलेलं मला ऐकू आलं, पण ते कानात शिरून बाहेर पडलं. खडूचा थोडा आवाज आला. मग तोही थांबला.

कितीतरी वेळ काहीच नाही. ती शांतता मला ओळखीची वाटली. तीच ती, हिरव्या मखमलीची.

मग मुंगीचा बारीक आवाज आला. "बाई, तुम्ही 'मग?' म्हणाल का?"

"काय म्हणू?"

"मी काही सांगितलं की तुम्ही फक्त 'मग?' म्हणायचं."

बाई चांगल्या होत्या. दुसरी कुणी असती तर हसली असती. त्या म्हणाल्या, "बरं. सांग." मुंगीनं एक वाक्य सांगितलं. "मग?" बाई म्हणाल्या.

"नाही होत," मुंगी म्हणाली. "तुम्हाला पुढचं माहीत आहे ना, म्हणून. तुमचा 'मग' परीक्षेतला आहे." आणि पुढे म्हणाली, "बाहेर माझी आत्या आहे. तिला बोलावता?"

बाई दारात आल्या. मी बाकावरून कशी उठले मला आठवत नाही.

"तुम्ही जरा आत येता का? ती म्हणते तुम्ही लागता."

"अहो बाई, मला यातलं काही येत नाही हो."

"तेच म्हणतेय ती," बाई म्हणाल्या. "ज्याला येत नाही असं कुणीतरी हवंय." हसू त्यांच्या डोळ्यांत होतं, पण चेष्टा नव्हती. मुख्याध्यापकांनी भुवया वर केल्या. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, कोडं तीच सोडवणार आहे. या फक्त बसतील."

मी मुलांच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. फळ्यावर चौकोन काढलेले होते आणि त्यापुढे माझी मुंगी, हातात खडू, पांढरीफटक. ते बघून माझा भोंगा सुरू झाला. म्हटलं, घाबरू नकोस गं माझे राणी, काही खात नाहीत ही माणसं, येईल तेवढं कर, नाही आलं तर आपण घरी जाऊ, तुझ्या बापानं...

"आत्या," मुंगी म्हणाली, "खिळे."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्या एप्रनच्या खिशाकडे बघितलं. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला. स्टूल, मऊ भिंती, "आवाज अजिबात येत नाही", सगळं एकदम जागेवर बसलं. मी डबी काढली, चिमूटभर खिळे घेतले आणि तोंडात धरले. मुख्याध्यापक खुर्चीत सरळ झाले.

मुंगीनं मोठा श्वास घेतला. "आत्या, समजा एक वर्ग आहे. पाच रांगा, प्रत्येक रांगेत पाच बाकं. एकेका बाकावर एकेक मूल."

"म्हं?"

"घंटा झाली की प्रत्येकानं उठून लगतच्या बाकावर जायचं. पुढच्या, मागच्या, डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या. तिरकं नाही जायचं. तर सगळ्यांना जागा मिळेल का?"

"म्हं?"

"आता समजा, तू चौकटीचं कापड घेतलंस. काळा चौकोन, पांढरा चौकोन, काळा, पांढरा. ते या बाकांवर घातलंस, कोपऱ्यावर काळा येईल असं." तिनं फळ्यावर एकाआड एक चौकोन रंगवायला घेतले. "काळ्यावर बसलेलं मूल एक घर सरकलं की कुठे जाईल?"

मला खरंच माहीत नव्हतं. "म्हं?"

"पांढऱ्यावरच. काळ्याच्या शेजारी काळा नसतोच. आणि पांढऱ्यावरचं जाणार काळ्यावर. म्हणजे सगळे काळे पांढऱ्यांच्या जागी जाणार." ती थांबली. खडू हवेत. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मीही कुठे जाणार नव्हते. नाट्यगृहाच्या खुर्च्या थांबल्या असत्या जन्मभर. "म्हं?" मी म्हटलं.

"थांब. मोजते." खडूचे टकटक आवाज आले. "काळे तेरा. पांढरे बारा." ती गर्रकन वळली. "आत्या, तेरा मुलं आणि बारा बाकं. होणारच नाही. कसंही सरका, एक मूल उरतंच."

बाई मागे टेकल्या. मुख्याध्यापक "अरे वा" असं काहीतरी पुटपुटले. मला कळलं की झालं, विचारलं होतं ते हेच. पण माझ्या डोळ्यांपुढे ते एक मूल आलं, वर्गात मधोमध उभं, सगळ्यांना बसलेलं बघणारं. मी खिळे हातात काढले.

"मग त्या उरलेल्याचं काय करायचं?" मी विचारलं. "त्याला काय उभंच ठेवायचं?"

"तेवढं विचारलेलं नाही कोड्यात," मुख्याध्यापक सौम्यपणे म्हणाले.

"थांबा ना सर," मुंगी म्हणाली. ती पुन्हा फळ्याकडे वळली, आणि तिच्या पाठीवरून मला कळलं की आता ती या खोलीत नाही, त्या बाकांमध्ये फिरते आहे. "तो उठलाच नाही तर? काळ्यांपैकी एक जण, समजा मधला, आहे तिथेच बसून राहिला. मग काळे उरले बारा, पांढरे बारा. शेजारशेजारच्या जोड्या लावायच्या आणि अदलाबदल करायची." ती भराभर बाण काढत गेली. मधल्या चौकोनाभोवती बाणच बाण झाले, एकही सुटला नाही. "मिळते जागा सगळ्यांना. आत्या, फक्त एकानं बसून राहायचं. तो बसून राहिला की बाकीच्यांना सरकता येतं."

मी खिळे पुन्हा तोंडात घातले. तोंडात खिळे असताना रडता येत नाही, गिळले जातील या भीतीनं. मला तेव्हा त्यांचा तोच उपयोग होता.

बाई फळ्यापर्यंत गेल्या आणि ते बाण बोटानं एकदा मोजून आल्या. मग मुंगीला म्हणाल्या, "तू अर्ध्यावर थांबत नव्हतीस. तुला सांगायला कुणी नव्हतं." आणि मला म्हणाल्या, "घरी आधी कुठे बसून अभ्यास करायची ही?" मी टेबलाखालची जागा सांगितली. मग गादीच्या खोलीचंही सांगितलं, बटणांसकट. बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "मी कोपरा म्हटलं होतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही हसावं की रडावं ते कळेना. मुंगीची जागा वरच्या मजल्यावर राहिली. शिवाय बाईंनी ठरवलं की कोडं सुटलं की ते तिनं खालच्या वर्गातल्या मुलांना समजावून सांगायचं, आणि त्यांना हवं तेवढं "मग?" विचारू द्यायचं.

जिना उतरताना मी म्हटलं, "इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"बाबांनी किती मेहनत केली होती. आणि आईनं बटणं." ती एक पायरी उतरली. "आणि मला वाटलं, तुला आता कंटाळा आला असेल. आधी तुला माझ्याशी बोलावंच लागायचं, मी तिथेच बसायचे म्हणून."

मी तिथेच जिन्यात बसले आणि तिला पोटाशी धरलं. डबीतले खिळे तिच्या बरगड्यांना टोचले असतील, पण ती हलली नाही. खालून वर येणारी मुलं आम्हाला वळसा घालून गेली.

"बाबांना कोण सांगणार?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "तू सांगितलंस तर सगळ्या गल्लीला कळेल."

तिनंच सांगितलं. दुकानात, दादाच्या समोर उभी राहून, जोड्या आणि बाण आणि सगळं. दादा "हं, हं" करत होता, गणितातलं त्यालाही कळत नाही. शेवटी खोलीचं आलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. दादानं ऐकून घेतलं आणि जिना चढून वर गेला. खोलीचं दार लागल्याचं आम्ही बघितलं. आत तो काय करत होता ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनी वर जायला निघाली, मी तिचा हात धरला.

मग वरून दार उघडल्याचा आणि स्क्रू काढल्याचा आवाज आला. दादा खाली आला तो ते दार पाठीवर घेऊन, फोमचे सगळे थर, हिरवी मखमल, बटणं, मूठसुद्धा तशीच. त्यानं ते माझ्या टेबलाखाली आडवं सरकवलं, हातानं दाबून बघितलं, मूठ काढून खिशात टाकली आणि मुंगीला म्हणाला, "बस बघू. टोचतं का कुठे?"

ती तिथेच बसते आता. भिंतींचं कापड दादानं अजून काढलेलं नाही. दुपारी तो त्या खोलीत झोपतो आणि त्याच्या घोरण्याचा दुकानाला त्रास होत नाही. दार नाही, तरी नाही. फोम चांगला होता तो.

आणि मी खिळे तोंडात घेऊन ठोकत असते, खालून बडबड येत असते. एकच गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला हल्ली थोडं थोडं कळायला लागलंय. परवा ती टाक्या आणि नळांचं काहीतरी सांगत होती, आणि ती पुढचं बोलायच्या आत मला दिसलं की टाकी भरणारच नाही. शब्द अगदी ओठांवर आला. माझ्यासारख्या बाईच्या ओठांवर आलेला शब्द परत जात नसतो.

टेबलाखालून आवाज आला, "आत्या?"

मी डबीतून आणखी चार खिळे काढले, तोंडात घातले आणि म्हटलं, "म्हं?"